विश्लेषण : वाफ नव्हे, फवारा! व्हेपिंगमुळे किशोरवयीन मुलांच्या शरीरात नेमके काय होते?

नारायणगाव, ओतूर किंवा मंचरच्या शिवारात टोमॅटोवर, द्राक्षावर फवारणी सुरू असली की शेतकरी तोंडाला रुमाल बांधतो, वाऱ्याची दिशा बघतो आणि लहान मुलांना बांधावर उभे राहू देत नाही. औषधाचा फवारा नाकातोंडात जाऊ नये, हे इथे कोणाला शिकवावे लागत नाही. त्याच घरातला नववी-दहावीतला मुलगा पेन ड्राइव्हएवढ्या उपकरणातून निघणारा फवारा छातीत ओढून घेत असेल, तर ते मात्र घरात कळेलच असे नाही. त्याला धुराचा वास नाही, राख नाही, थोटूक नाही. विचारलेच तर उत्तर तयार असते, ‘ही नुसती वाफ आहे, यात तंबाखू नसते.’

या उत्तराचा दुसरा भाग बऱ्याचदा खरा असतो. पहिला मात्र साफ चुकीचा आहे. व्हेपमधून बाहेर पडते ती पाण्याची वाफ नसते. रसायनांच्या अतिसूक्ष्म थेंबांचे ते धुके असते आणि त्यात बहुतेक वेळा निकोटिन असते. ‘वाफ’ या एका शब्दाने या वस्तूची जेवढी जाहिरात केली तेवढी कुठल्याच कंपनीला जमली नसेल. सर्दी झाली की आपण वाफ घेतो, बाळंतिणीला शेक-वाफ देतो. वाफ म्हणजे औषधी, निर्धोक असे आपल्या मनात पक्के बसलेले आहे.

त्या उपकरणात असते तरी काय?

ई-सिगारेट, व्हेप, पॉड, व्हेप पेन, ई-हुक्का ही एकाच कुळातली नावे. आत एक छोटी लिथियम बॅटरी, तारेचे वेटोळे, कापसासारखी वात आणि द्रव भरलेली कुपी एवढाच कारभार. तोंडाने ओढले की बॅटरी तार तापवते, वातीत मुरलेला द्रव तापतो आणि त्याचे धुके होते. चीनमधील औषधनिर्माता होन लिक याने २००३ मध्ये आजच्या ई-सिगारेटची घडण केली. तो स्वतः धूम्रपान करणारा होता आणि त्याचे वडील फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले होते. म्हणजे वस्तू जन्माला आली ती सिगारेट सुटत नसलेल्या प्रौढ माणसासाठी. ती शाळकरी दप्तरात शिरली पुढच्या दहा-बारा वर्षांत.

द्रवात प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन हे मुख्य घटक, त्यात वास-चवीची रसायने आणि निकोटिन. पहिले दोन पदार्थ खाद्यपदार्थांत आणि औषधांत वापरले जातात, त्यामुळे ‘हे तर खाण्यातलेच आहे’ असे विकणारा सांगतो. पण पोटाला चालते ते फुप्फुसाला चालते असे नाही. शेंगदाण्याचे तेल भाजीत उत्तम; तेच श्वासनलिकेत गेले तर न्यूमोनिया होतो. शिवाय हा द्रव तापवला जातो. तापल्यावर त्यातून फॉर्माल्डिहाइड, ॲसिटाल्डिहाइड आणि ॲक्रोलीन अशी रसायने तयार होऊ शकतात. कढईतले तेल करपले की डोळे चुरचुरवणारा जो उग्र धूर येतो, त्यात हेच ॲक्रोलीन असते. तापणाऱ्या तारेतून आणि जोडकामातून निकेल, क्रोमियम, शिसे अशा धातूंचे अंशही धुक्यात उतरतात, हे प्रयोगशाळांतील तपासणीत दिसून आले आहे.

थेंबाचा आकारही लक्षात घ्यायला हवा. पंपाने मारलेल्या फवाऱ्याचा थेंब साधारण शंभर-दोनशे मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षा जाड असतो. तो पानावर बसतो, नाकात शिरला तरी बराचसा तिथेच अडकतो. व्हेपच्या धुक्यातले बहुतेक थेंब एक मायक्रॉनहूनही लहान असतात. ते नाकाच्या केसांत किंवा घशात अडकत नाहीत. जिथे रक्तात प्राणवायू मिसळतो त्या वायुकोशांपर्यंत ते पोचतात.

निकोटिन हे मुळात कीटकनाशक

तंबाखूचे झाड निकोटिन तयार करते ते माणसासाठी नाही, स्वतःला किडींपासून वाचवण्यासाठी. तंबाखूच्या काढ्याने मावा मारण्याचा जुना उपाय अनेक शेतकऱ्यांना माहीत असेल. निकोटिन सल्फेट नावाचे कीटकनाशक एकेकाळी बाजारात होते. माणसाला असलेल्या धोक्यामुळे भारतात त्याच्या वापरावर बंदी आहे. मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांच्यासाठी वापरले जाणारे इमिडाक्लोप्रिड ज्या गटात मोडते त्याचे नावच ‘निओनिकोटिनॉइड’, म्हणजे नव्या घडणीची निकोटिनसदृश रसायने. किडीच्या मज्जातंतूंवरच्या ज्या ‘कुलपां’त ही रसायने किल्लीसारखी बसतात, त्याच जातीची कुलपे माणसाच्या मेंदूतही असतात. नवी कीटकनाशके किडीच्या कुलपांत घट्ट बसतात आणि माणसाच्या कुलपांत सैल, म्हणून ती त्या मानाने सुसह्य. निकोटिन मात्र माणसाच्या कुलपात अगदी चपखल बसते.

याचा एक अर्थ तातडीचा आहे. व्हेपचा द्रव म्हणजे पातळ केलेले निकोटिन. ते त्वचेतूनही शरीरात जाते. घरातल्या दोन-तीन वर्षांच्या मुलाने फळाचा वास येणारी ती कुपी चोखली तर उलट्या, घाम, झटके आणि त्याहून वाईटही होऊ शकते. कीटकनाशकाची बाटली आपण कुलपात ठेवतो. व्हेपची कुपी मात्र उशीखाली किंवा कंपासपेटीत असते.

ठसका का लागत नाही?

पहिली बिडी ओढणाऱ्याला ठसका लागतो, डोळ्यांत पाणी येते, गरगरते. हा ठसका शरीराचा राखणदार आहे आणि त्याने आजवर कित्येक मुलांना पहिल्या झुरक्यावरच परत पाठवले आहे. जुन्या ई-सिगारेटमध्येही निकोटिन वाढवले की घसा जळायचा, त्यामुळे मात्रेला आपोआप लगाम होता.

अमेरिकेत २०१५ मध्ये ‘जूल’ बाजारात आली आणि हा लगाम गेला. तिने निकोटिनमध्ये बेंझोइक आम्ल मिसळून त्याचा क्षार वापरला. क्षाराच्या रूपातले निकोटिन घशाला मऊ लागते, त्यामुळे द्रवात पाच टक्क्यांपर्यंत निकोटिन भरता आले. एका छोट्या कुपीत साधारण एका सिगारेट पाकिटाएवढे निकोटिन असल्याचे कंपनीच सांगत होती. त्यावर आंबा, पुदिना असे स्वाद. मग इतरांनी तीच वाट धरली. मोठ्या मात्रेचे विष आणि ठसका नाही, या जोडीमुळे व्हेप प्रौढांपेक्षा मुलांच्या हातात जास्त बसले, असे म्हणायला जागा आहे.

आणखी एक साधी गोष्ट. सिगारेटला शेवट असतो. ती संपते, विझते, दुसरी पेटवायची की नाही हे ठरवावे लागते. व्हेपला थोटूक नाही. अभ्यास करताना, पांघरुणात, बाथरूममध्ये, तासाला चार-दोन झुरके घेत दिवस जातो आणि किती ओढले याचा हिशेब ओढणाऱ्यालाही लागत नाही.

सोळाव्या वर्षीचे निकोटिन वेगळे का?

जुन्नर पट्ट्यातल्या द्राक्ष बागायतदाराला हे समजावणे सोपे आहे. बागेची एप्रिलमधली खरड छाटणी झाली की पुढच्या काही आठवड्यांत काडीच्या डोळ्यांत घड तयार होतात की नाही, हे ठरते. तेव्हा बाहेरून काही दिसत नाही. त्या काळात बागेची आबाळ झाली, तर ऑक्टोबरच्या छाटणीनंतर कितीही खत-पाणी घाला, घड येत नाहीत.

मेंदूतही किशोरवयात अशीच छाटणी चालू असते. लहानपणी तयार झालेल्या असंख्य जोडण्यांपैकी ज्या वापरात येतात त्या बळकट होतात, बाकीच्या खुडल्या जातात. हे काम साधारण पंचविशीपर्यंत चालते. कपाळामागचा जो भाग विचार करून निर्णय घेतो, मोह आवरतो, लक्ष एकाग्र ठेवतो तो सगळ्यात शेवटी तयार होतो. सुख आणि बक्षीस शोधणारा भाग मात्र आधीच जोरात असतो. नेमक्या या काळात निकोटिन आले की मेंदू त्याच्याभोवती आपली रचना करू लागतो. निकोटिन झुरक्यानंतर काही सेकंदांत मेंदूत पोचते, डोपामाइन सोडायला लावते, आणि वारंवार मिळू लागले की त्याला धरणाऱ्या कुलपांची संख्याच वाढते. मग ती रिकामी राहिली की बेचैनी सुरू होते.

या बेचैनीला घरात भलतेच नाव मिळते. मूल चिडचिड करते, पुस्तकासमोर दहा मिनिटे बसत नाही, रात्री झोपत नाही, सकाळी उठत नाही. आईवडील म्हणतात, दहावीचा ताण आहे. मूल म्हणते, व्हेप ओढले की ताण जातो. ते खोटे बोलत नसते. निकोटिनच्या अभावाने आलेली चिडचिड निकोटिनने तात्पुरती जातेच. पण तो ताण परीक्षेने दिलेला नसतो; आधीच्या झुरक्याने दिलेला असतो. व्यसनाची ही सर्वात फसवी खेळी आहे, आणि मोठ्या माणसांनाही ती तंबाखूच्या बाबतीत आयुष्यभर उमगत नाही. किशोरवयात निकोटिनची सवय लागलेल्यांमध्ये पुढे नैराश्य आणि चिंता यांचे प्रमाण अधिक आढळते. कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे मात्र प्रत्येक मुलात वेगळे असू शकते. आधीच खचलेले मूल व्हेपकडे लवकर वळते, हेही तितकेच खरे.

फुप्फुसांचे काय?

जुन्नर-आंबेगावातली अनेक मुले पोलीस भरती, सैन्य भरतीच्या तयारीसाठी पहाटे रस्त्यावर पळताना दिसतात. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर धावायचे असते. अशा मुलाला हृदयाच्या झडपा आणि कर्करोगाची आकडेवारी सांगून उपयोग नाही. त्याला एवढेच सांगावे, की निकोटिनने हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढतो, रक्तवाहिन्या आकसतात, आणि धुक्यातली रसायने श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला चुरचुरवत राहतात. व्हेप वापरणाऱ्या किशोरांमध्ये खोकला, कफ, छातीत घरघर यांच्या तक्रारी अधिक आढळल्या आहेत. ज्याला आधीच दमा आहे, त्याचा दमा यामुळे उसळू शकतो.

इथे एका अफवेचाही निकाल लावला पाहिजे. ‘व्हेपने पॉपकॉर्न लंग होतो’ असा मजकूर मोबाइलवर सतत फिरतो. अमेरिकेतील मिसुरी राज्यात २००० साली पॉपकॉर्न कारखान्यातील कामगारांच्या श्वासनलिका कायमच्या आकसल्याचे लक्षात आले होते. लोण्याचा वास देणाऱ्या डायअसिटिल या रसायनाशी त्याचा संबंध जोडला गेला. हे रसायन काही व्हेप द्रवांतही सापडले, म्हणून युरोपात त्यावर निर्बंध आले. पण व्हेपमुळे तोच आजार झाल्याचे ठोस सिद्ध झालेले नाही. शाळेतल्या भाषणात असा एक दावा केला आणि मुलांनी तो तिथल्या तिथे मोबाइलवर तपासला, तर पुढची खरी दहा वाक्येही वाया जातात.

दूरगामी परिणामांबद्दल प्रामाणिकपणे सांगायचे तर ही वस्तू बाजारात येऊन वीसच वर्षे झाली आहेत. बिडी-सिगारेट आणि कर्करोगाचा संबंध वैद्यकशास्त्राने पक्का केला तो पिढ्यांचा धूर मोजून. आज व्हेप ओढणारी मुले चाळिशी-पन्नाशीला पोचतील तेव्हा पूर्ण हिशेब मिळेल.

२०१९ मध्ये अमेरिकेत काय झाले होते?

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात अमेरिकी रुग्णालयांत धडधाकट तरुण धाप लागून दाखल होऊ लागले. खोकला, छातीत दुखणे, ताप, उलट्या-जुलाब. क्ष-किरण चित्रात दोन्ही फुप्फुसे पांढरी. संसर्गाचे जंतू सापडेनात. सगळ्यांत एकच समान धागा होता, व्हेपिंग. फेब्रुवारी २०२० पर्यंत अशा २,८०७ रुग्णांची नोंद झाली आणि ६८ मृत्यू झाले. रुग्णांत साधारण सातात एक अठरा वर्षांखालचा होता.

तपासाअंती बोट गेले ते ‘ई’ जीवनसत्त्वाच्या ॲसिटेट या रूपाकडे. गांजातील अंमली घटक असलेल्या बेकायदा कुप्यांमध्ये द्रव दाट दिसावा म्हणून ते मिसळले जात होते. ५१ रुग्णांच्या फुप्फुसांतून काढलेल्या द्रवाची तपासणी केली, तेव्हा ४८ जणांत ते सापडले. हेच तेल त्वचेला लावायच्या मलमात असते, गोळ्यांतून पोटातही जाते. श्वासातून गेल्यावर मात्र त्याने जीव घेतला.

ही घटना व्हेपच्या प्रत्येक कुपीला लागू होते असे नाही. बहुसंख्य रुग्णांनी गांजायुक्त कुप्याच वापरल्या होत्या. भारतातल्या वाचकासाठी तिचा धडा वेगळा आहे. अमेरिकेत निदान काही कुप्या परवानाधारक दुकानांतून विकल्या जात होत्या. आपल्याकडे ही वस्तू संपूर्ण बंद आहे, म्हणजे जी मिळते ती प्रत्येक चोरट्या मार्गाने आलेली. वर ‘निकोटिन शून्य टक्के’ लिहिले असो की ‘पाच टक्के’, ते तपासणारे कोणी नाही. टपरीवरच्या गुटख्याच्या पुडीवर निदान काय आहे ते गिऱ्हाइकाला ठाऊक असते.

‘सिगारेटपेक्षा तर बरे’ हे खरे का?

मुलांचा हा सर्वात बिनतोड वाटणारा मुद्दा. त्यात तथ्य आहे, म्हणून तो झटकून टाकता येत नाही. सिगारेट जळते आणि जळण्यातून डांबर, कार्बन मोनॉक्साइड आणि हजारो रसायने निघतात. व्हेपमध्ये जळणे नाही. अनेक वर्षे सिगारेट ओढणारा प्रौढ माणूस ती पूर्ण सोडून व्हेपवर आला, तर त्याच्या शरीरात जाणारी घातक रसायने कमी होतात. ‘कोक्रेन’ या नामांकित वैद्यकीय आढाव्यातही निकोटिन असलेल्या ई-सिगारेटमुळे काही लोकांची सिगारेट सुटते, असे दिसते. ब्रिटनने याच आधारे प्रौढांसाठी व्हेप खुले ठेवले.

पण हा हिशेब ‘आधीच ओढणाऱ्या’चा आहे. ज्या मुलाने कधी बिडीला हात लावला नाही त्याची तुलना सिगारेटशी होत नाही, स्वच्छ हवेशी होते. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये देशांना तातडीची पावले उचलायला सांगितली, तेव्हा व्हेप वापरणारी मुले पुढे सिगारेटकडे वळण्याची शक्यता जवळपास तिप्पट असल्याकडे लक्ष वेधले होते. आणि ब्रिटनचा दाखला देणाऱ्यांनी पुढचे पानही वाचावे : तिथे अठरा वर्षांखालील मुलांना विक्री गुन्हा आहे, आणि १ जून २०२५ पासून एकदा वापरून फेकायच्या व्हेपवर बंदी आली, त्यामागचे एक मोठे कारण मुलेच होती.

बंदी आहे, मग मिळते कसे?

केंद्र सरकारने १८ सप्टेंबर २०१९ रोजी अध्यादेश काढला आणि डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप आणि जाहिरात हे सर्व त्याने गुन्हा ठरवले. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. माल साठवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. द्रवात निकोटिन आहे की नाही याने फरक पडत नाही, दोन्ही बंद. त्यामुळे ‘निकोटिन फ्री आहे, कायदेशीर आहे’ हे वाक्य जिथे ऐकू येईल तिथे विकणारा खोटे बोलतो आहे, एवढे समजावे. ओढणाऱ्यासाठी कायद्यात वेगळे शिक्षेचे कलम नाही. मात्र उपकरण जवळ बाळगणेही कायद्याचे उल्लंघन असल्याचे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले. त्याच वर्षी तक्रारी नोंदवण्यासाठी एक पोर्टलही सुरू झाले.

महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तिचे पुढे काय झाले हे कुठल्याही एसटी स्टँडच्या भिंती सांगतील. गुटखा विकायला निदान टपरी लागते, त्यामुळे तो पकडताही येतो. व्हेपला टपरीही लागत नाही. मोबाइलवरचा संदेश, ऑनलाइन पैसे आणि कुरिअरचे खोके एवढे पुरते. पुण्यात अकरावी-बारावीला किंवा क्लासला राहिलेला मुलगा सुटीला गावी येताना ते खिशात घालून आणू शकतो. पुणे-नाशिक महामार्गावरच्या गावांना ‘शहरातले फॅड’ पोचायला आता वर्षे लागत नाहीत.

धूर नाही, म्हणून अपाय नाही?

हा युक्तिवाद आपल्या भागाला नवा नाही, फक्त तो पूर्वी मिश्रीसाठी केला जायचा. तंबाखू भाजून, कुटून केलेली मिश्री दातांना लावायची. धूर नाही, थुंकी नाही, ‘दात घट्ट होतात’ असे वर कौतुक. सासूचे बघून सून, आईचे बघून मुलगी. जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या २०१६-१७ मधील फेरीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते. त्यात धूम्रपान करणारे ३.८ टक्केच, धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. म्हणजे महाराष्ट्राचे व्यसन मुळातच बिनधुराचे आहे, आणि बिनधुराच्या व्यसनाकडे काणाडोळा करण्याची घरांना सवय आहे. ज्या घरात आजीची मिश्रीची डबी चुलीशेजारी आणि वडिलांची चुना-तंबाखू शर्टाच्या खिशात, तिथे मुलाला ‘निकोटिन वाईट’ म्हणून सांगणे अवघड जाते.

सुरुवातीचे वय तर आणखी चिंता वाढवते. देशातील १३ ते १५ वयाच्या शाळकरी मुलांच्या २०१९ च्या सर्वेक्षणात ८.५ टक्के मुले कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होती, २.८ टक्के मुलांनी ई-सिगारेट कधीतरी ओढून पाहिली होती. धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मुलांपैकी निम्म्याहून अधिकांनी ती दहावा वाढदिवस होण्याआधीच तोंडात घातली होती. व्यसनमुक्तीचे व्याख्यान आपण नववीत ठेवतो.

हे चित्र बदलू शकते, याचा दाखलाही आहे. अमेरिकेत २०१९ मध्ये माध्यमिक शाळेच्या वरच्या वर्गांतली २७.५ टक्के मुले व्हेप ओढत होती. २०२४ मध्ये ती ७.८ टक्क्यांवर आली.

घरात किंवा शाळेत कळले तर?

फळे नसताना येणारा गोड फळांचा वास, ओळखीचा नसलेला चार्जर किंवा प्लॅस्टिकची कुपी, सतत कोरडे पडणारे तोंड, सर्दी नसताना खोकला, दर तासाला बाथरूम. यातल्या एकाच गोष्टीवरून मुलाला पकडू नये. तीन-चार एकत्र दिसल्या तर शांतपणे विचारावे. पहिला प्रश्न ‘का ओढलेस’ असा विचारला की उत्तर मिळत नाही. ‘सकाळी उठल्यावर किती वेळात ओढावेसे वाटते’ असे विचारले, तर सवय किती खोल आहे ते कळते. उठल्या उठल्या लागत असेल तर प्रकरण गमतीच्या पुढे गेलेले आहे.

मारझोड आणि शाळेतून काढणे हे दोन उपाय सर्वात सोपे आणि सर्वात निरुपयोगी. विशेषतः आश्रमशाळा आणि वसतिगृहांतल्या मुलांबाबत. भीमाशंकरकडच्या वाड्या-वस्त्यांतून घोडेगाव, मंचरला शिकायला आलेल्या मुलाला वसतिगृहातून काढले तर व्यसन सुटत नाही, शाळा सुटते. कायद्याचा रोख विकणाऱ्यावर आहे. उपकरण कोणी दिले, पैसे कुठे पाठवले, ही माहिती पोलिसांच्या कामाची आहे. उपनिरीक्षक आणि त्यावरील अधिकारी या कायद्याखाली झडती घेऊन माल जप्त करू शकतात.

सोडताना पहिले तीन-चार दिवस सर्वात कठीण. डोके दुखते, चिडचिड होते, भूक वाढते, झोप उडते. पुढच्या दोन ते चार आठवड्यांत हे ओसरते. म्हणून परीक्षेच्या आठवड्यात सोडायला लावू नये, सुटी लागल्यावर लावावे. सरकारची तंबाखूमुक्ती मदतवाहिनी १८००-११-२३५६ या क्रमांकावर मोफत आहे. मन फार खचलेले असेल तर ‘टेलि-मानस’चा क्रमांक १४४१६. निकोटिनची च्युइंगगम किंवा पट्टी मुलांना स्वतःहून आणून देऊ नये, डॉक्टरांना विचारावे. धाप लागणे, छातीत दुखणे, तापासोबत उलट्या अशी लक्षणे दिसली तर मंचरचे उपजिल्हा रुग्णालय किंवा नारायणगाव, जुन्नर, घोडेगावचे ग्रामीण रुग्णालय यांपैकी जवळचे गाठावे आणि व्हेपची गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नये. ती सांगितली नाही तर उपचार न्यूमोनियाचे सुरू होतात आणि वेळ जातो.

सापडलेले उपकरण रागाच्या भरात चुलीत किंवा शेकोटीत टाकण्याचा मोह होतो. तसे करू नये, आतली लिथियम बॅटरी फुटते. उकिरड्यावर टाकले तर कुपीतला द्रव गुरांच्या, कुत्र्यांच्या किंवा खेळणाऱ्या मुलांच्या तोंडात जाऊ शकतो. पोलिसांकडे द्यायचे नसेल, तर हातमोजे घालून ते घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे आणि जुने मोबाइल, बॅटऱ्या घेणाऱ्या ई-कचरा केंद्राकडे द्यावे. तोवर डबा फवारणीच्या औषधांसोबत, त्याच कुलपात.